कीन, कँटोना आणि तात्यांचा शिवराज

मँचेस्टरला राहायला आलं की लोक आधी नाव विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न, लाल का निळा? म्हणजे युनायटेड का सिटी. मी धाराशिव जिल्ह्यातला माणूस, आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाळेच्या ग्राउंडवर वीस पोरं एका बॉलमागं पळायची, बस तेवढंच. त्यामुळं मी आपलं हसून वेळ मारून न्यायचो, पण इथं ते चालत नाही. एकदा का बाजू घेतली की त्या बाजूची जुनी भांडणं पण आपल्याच गळ्यात पडतात.

आमच्या ऑफिसात रिटायरमेंटला आलेला एक सिटीवाला आहे. त्याच्यापुढं युनायटेडचा जुना कॅप्टन रॉय कीन, याचं नाव काढायचं नाही, काढलं की जेवणाची सुट्टी गेलीच म्हणून समजा. गोष्ट १९९७ ची. लीड्सच्या मैदानावर कीन त्यांच्या आल्फी हालांडला पाडायला गेला आणि त्याच्या स्वतःच्याच गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. हा खाली कळवळतोय आणि हालांड वर उभा राहून म्हणतोय, नाटक करू नको, ऊठ. कीनचा उरलेला सगळा सीझन गेला. मग एप्रिल २००१, ओल्ड ट्रॅफर्ड, हालांड आता सिटीकडून खेळतोय, मॅच संपायला आलेली, आणि कीननं पाय वर घेऊन सरळ त्याच्या गुडघ्यावर घातला. लाल कार्ड निघालं, पण कीन पडलेल्या माणसावर वाकून त्याला चार शब्द सुनावून मगच बाहेर गेला. पुढच्या वर्षी त्यानं आत्मचरित्रात याचं असं काही वर्णन केलं की फुटबॉल असोसिएशननं आणखी पाच मॅचची बंदी आणि दीड लाख पौंड दंड लावला. लाथ उजव्या गुडघ्यावर बसली होती आणि हालांडचं करिअर डाव्या गुडघ्यानं संपवलं, हे मी एकदा त्या म्हाताऱ्याला सांगून बघितलं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता त्याच हालांडचा पोरगा अर्लिंग सिटीकडून गोलांवर गोल मारतो, तेव्हा ह्या म्हाताऱ्याच्या तोंडावरचा आनंद नुसत्या गोलाचा नसतो.

हे सगळं तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, व्हिडिओ कॉलवर सांगत होतो. तात्यांचा जीव कुस्तीत, जत्रेतला फड कधी सोडला नाही त्यांनी. सगळं ऐकून म्हणले, "आरं, येवढा कोटीत पगार घेत्यात अन् लाथा कामून मारत्यात?"

प्रश्न साधा आहे पण उत्तर एक नाही. मला विचाराल तर कीनचं ते डोकं फिरणं नव्हतंच. साडेतीन वर्षं मनात धरून ठेवलेला हिशेब होता तो. डोकं फिरणं म्हणजे फ्रान्सचा कॅप्टन जिदान. २००६ च्या वर्ल्ड कपची फायनल बर्लिनला, आपल्याकडं रात्री साडेअकराला सुरू झालेली, लोडशेडिंगचे दिवस, ज्यांच्याकडं लाईट होती त्यांनीच बघितली असेल. माणसाची आयुष्यातली शेवटची मॅच, सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल मारलेला, स्कोअर एक-एक, एक्स्ट्रा टाइममध्ये त्याचा हेडर इटलीच्या गोलकीपर बुफॉनं बारवरून घालवला, आणि पाचसहा मिनिटांनी इटलीचा मातेराझी काहीतरी बोलला. जिदान आधी पुढं चालत गेला होता बघा, मग वळला आणि छातीत डोकं घातलं. मेन रेफरीनं बघितलं पण नव्हतं, चौथ्या रेफरीनं सांगितलं. फ्रान्स पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. आणि बेस्ट प्लेयरचा गोल्डन बॉल कुणाला? जिदानलाच!

नियमाला यातलं काही कळत नाही, कळायला पण नको. बॉलसाठी झगडा नसताना मारलं, किंवा मारायला नुसता हात उगारला, लागला नाही तरी लाल कार्ड. समोरचा काय बोलला हे नंतर कमिटी बघते. मातेराझीला पण पुढं दोन मॅचची बंदी बसलीच, जिदानला तीन.

पण पब्लिकचा नियम वेगळा. जानेवारी १९९५ मध्ये युनायटेडच्या कँटोनानं लाल कार्ड घेऊन बाहेर जाताना शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला कठड्यावरून उडी मारून लाथ घातली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी, वर कोर्टानं एकशे वीस तास समाजसेवा लावली, आणि युनायटेडची लीग त्या वर्षी एका पॉइंटनं गेली. एका पॉइंटनं! तरी इथल्या लालवाल्यांसाठी तो अजून राजाच. तोच माणूस सिटीचा असता तर गुंड ठरला असता, यात मला शंका नाही.

रविवारी हफ एंडच्या मैदानावर हौशी लोकांच्या मॅच असतात, तिथं जरा जवळून दिसतं. रेफरीशी हुज्जत घातली की दहा मिनिटं बाहेर बसायचं, खालच्या लीगमध्ये २०१९ पासून हा नियम आहे. परवा एक धिप्पाड माणूस, चिखलानं माखलेला, लाईनच्या बाहेर उभा. पहिली दोन मिनिटं नुसती थुंकाथुंकी आणि पुटपुट. मग त्याच्या बारक्या पोरीनं येऊन चिप्सचं पाकीट फोडून मागितलं. थरथरत्या बोटांनी फोडता येईना, शेवटी दातानं फोडलं आणि निम्मे चिप्स चिखलात. आत परत गेला तेव्हा गडी बराच शांत होता. वरच्या लेव्हलला ही सोय नाही, तिथं हुज्जतीला पिवळं कार्ड, आणि दुसरं पिवळं निघालं की थेट घरी.

हे तात्यांना सांगितलं आणि मग मीच विषय काढला शिवराज राक्षेचा. धाराशिवला २०२३ ला ज्यानं महाराष्ट्र केसरी मारली तोच, नांदेडकडून खेळणारा. २०२५ ला अहिल्यानगरात पंचांनी ह्याला चितपट दिलं, ह्याला पटलं नाही, आणि पंचाला लाथ मारली. तीन वर्षं बंदी. मी म्हणलं, "तात्या, लाथ ती लाथ, पंचाला हात लावायचाच नाही."

"आरं पण पाठ टेकलीच नव्हती!"

"नसंल टेकली. तरी."

"तुज्या तिकडं रेफरीला कुणी मारलं तर काय करत्यात?"

मला डी कॅनिओ आठवला. १९९८ ला शेफील्ड वेन्सडे क्लबच्या ह्या गड्यानं लाल कार्ड दाखवणाऱ्या रेफरीला दोन हातांनी ढकललं होतं, रेफरी मागंमागं जाऊन धपकन् बसला. अकरा मॅचची बंदी आणि दहा हजार पौंड.

"अकरा मॅच!" तात्या एकदम खुर्चीत पुढं सरकले. "आन् आमच्या पोराला तीन वर्षं? हे बघ, तुमचं ते इंग्लंड लई शिस्तीचं म्हणून सांगत हुतास."

मी म्हणलं ढकलणं आणि लाथ मारणं यात फरक आहे, तीन वर्षं मला बरोबरच वाटतात. पण तेवढ्यात मागून काकूंनी लाईट आल्याचं सांगितलं आणि तात्या मोटार चालू करायला गेले, फोन तसाच टेबलावर, मला नुसतं छत दिसत होतं आणि लांबून आवाज, "अकरा मॅच म्हणं!"