सगळ्यातलं थोडं थोडं शिकून येतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न साधारण असा असतो: "तू मेकॅनिकल केलंस, मग डिझाइन केलंस. तिथे म्हणे अक्षरं, मानसशास्त्र, लाकूडकाम, कोडिंग, फोटोग्राफी असं सगळ्यातलं थोडं थोडं शिकवतात. मग शेवटी येतं काय?" विचारणारे बहुतेक वेळा बारावीतल्या मुलामुलींचे आईबाप असतात, नाहीतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला वैतागलेली मुलं. आईबापांना धास्ती असते की पोर ना इकडचं राहील ना तिकडचं. मुलांना नेमकं तेच आवडलेलं असतं, एकाच विषयात अडकून पडायला नको म्हणून. माझं उत्तर दोघांनाही फारसं रुचत नाही, कारण "थोडं थोडं शिकवतात" हेच मला मान्य नाही.

मी पवईला आयआयटीतल्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, एमडेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) केलं. आयडीसी १९६९ सालची. ती उभी करणारे सुधाकर नाडकर्णी आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून जर्मनीत उल्मला गेले होते. उल्मची ती डिझाइन शाळा १९५३ ते १९६८ एवढीच चालली, पण तिथे चित्रकलेपेक्षा गणित, समाजशास्त्र, चिन्हशास्त्र, एर्गोनॉमिक्स (वस्तू माणसाच्या शरीराला सोयीची कशी पडेल याचं शास्त्र) यांना जास्त मान होता. त्यामुळे "डिझाइन म्हणजे छान दिसणं" हा समज पवईत पहिल्या काही आठवड्यांतच गळून पडतो.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते सगळा अभ्यासक्रम तिच्यात आहे. भारत सरकारच्या आमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं इथे फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था १९६१ मध्ये निघाली ती त्याच अहवालामुळे. त्यांनी इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत थोर वाटला तो साधा लोटा. का, ते सांगताना त्यांनी कौतुकाची विशेषणं न लावता प्रश्नांची रांग लावली. त्यात पाणी किती मावावं? भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा बसतो? ओतताना धार कशी पडते? आतून घासता येतो का? उन्हात कसा दिसतो? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा? घडवायला खर्च किती, आणि मोडीत किती येतात?

या यादीवर विद्यापीठातल्या कुठल्याही एका विभागाने हक्क सांगून दाखवावा. धातुशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, ध्वनीसुद्धा आहे. आणि हे विषय कुणी बाहेरून आणून त्या लोट्याला चिकटवलेले नाहीत, वस्तूतच होते. आपणच त्यांना वेगवेगळ्या इमारतींत नेऊन बसवलं.

आता माझं उदाहरण. एका गटाच्या अभ्यासासाठी आम्ही लोकलच्या प्लॅटफॉर्मवरचा, पुढची गाडी कुठली ते दाखवणारा इंडिकेटर घेतला. गटात एक आर्किटेक्ट, एक जे.जे.चा अप्लाइड आर्टवाला, एक कॉम्प्युटरवाली आणि मी. सुरुवातीला जो तो आपापल्या कोपऱ्यात. आर्किटेक्ट जिन्याखाली लोक कुठे थबकतात त्याचे नकाशे काढतोय, जे.जे.वाला अक्षरं काढतोय, कॉम्प्युटरवाली कुठली ओळ किती सेकंद दिसावी ते बसवतेय, आणि मी पेटी, ब्रॅकेट, पावसाचं पाणी, आतली उष्णता यांत. चार चांगले तुकडे तयार होतील आणि मग ते जोडू, असा सगळ्यांचा हिशेब.

तो हिशेब मोडला कुर्ल्याने. दिव्यांच्या ठिपक्यांवर इंग्रजी कॅपिटल अक्षर रुंदीला पाच आणि उंचीला सात ठिपक्यांत निभावतं. 'कुर्ला' लिहायला घ्या. खाली उकार, वर शिरोरेषा, तिच्याही वर रफार. सात ठिपक्यांत हे बसत नाही. रफार तरी गिळला जातो नाहीतर उकार तरी. म्हणजे ठिपक्यांच्या ओळी वाढवा. ओळी वाढल्या की बोर्ड उंच होतो, पेटी जड होते, वाऱ्याला तोंड देणारा पृष्ठभाग वाढतो आणि माझं ब्रॅकेट नव्याने काढावं लागतं. बोर्ड तेवढाच ठेवायचा तर ठिपके बारीक करा. मग आर्किटेक्टच्या नकाशात जिथे माणसं थबकतात तिथून वाचता येत नाही, ती चार पावलं पुढे सरकतात आणि जिन्याचं तोंड अडवतात. मराठी, हिंदी, इंग्रजी आलटून पालटून दाखवायचं तर ज्याला त्यातली एकच लिपी येते त्याने तेवढा वेळ थांबायचं. आणि गाडी समोर उभी असताना कोण थांबतंय! एका रफाराचं ओझं माझ्या ब्रॅकेटवर आलं होतं. हे कुठल्याही लेक्चरमध्ये मला कळलं नसतं. कळलं ते जे.जे.वाला "रफार कापणार नाही" म्हणून अडून बसला तेव्हा.

मग आम्ही स्टेशनवर जाऊन लोकांना विचारत उभे राहिलो. रोज जाणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, वाचतंय कोण! कोपऱ्यात एस आहे का एफ, म्हणजे स्लो का फास्ट, बारा डबे का पंधरा, एवढं बघायचं नि पळायचं." म्हणजे मावशींना अक्षरापेक्षा अक्षराची जागा पाठ होती. भाषा बदलली तरी जागा हलता कामा नये, हा नियम त्यातून निघाला आणि आमच्या निम्म्या कल्पना बाद झाल्या. पुढे त्या प्रकल्पाचं काय झालं म्हणाल तर काही नाही. बहुतेक विद्यार्थी प्रकल्पांचं होतं तेच. रिपोर्ट, ज्युरी (परीक्षकांसमोर सादरीकरण), कपाट.

देवनागरीचा विषय निघाला आहे तर र. कृ. जोशींबद्दल सांगायलाच हवं. जाहिरात क्षेत्रातून आलेले, सुलेखनकार, कवी, आणि १९८० च्या दशकात आयडीसीत शिकवायला लागलेले. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये दिसत आली तो त्यांचा. नुसतं वळणदार अक्षर काढून तसा फॉन्ट होत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण संगणकात ती 'क'च्या नंतर साठवलेली असते. तिला दाखवताना उचलून पुढे आणायचं काम सॉफ्टवेअरचं. कुठलं अर्धं अक्षर कुणाशी कसं जोडायचं, हे व्याकरण आणि लेखणी दोन्ही माहीत असणाऱ्यानेच सांगायचं. जोशीसर पुढे संगणकवाल्यांबरोबर काम करत राहिले ते यासाठी. बोरूने अक्षर काढणाऱ्या माणसाने ते कोड लिहिणाऱ्याला समजेल अशा शब्दांत मांडलं, हे मला त्यांच्या सुलेखनाइतकंच मोठं वाटतं.

रुपयाचं चिन्ह सगळ्यांना माहीत आहे, १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं. ते काढणारे डी. उदय कुमार मुळात आर्किटेक्ट. मग आयडीसीत व्हिज्युअल कम्युनिकेशन, मग तिथेच पीएचडी, तमिळ अक्षररचनेवर. बातम्यांत "तरुणाने स्पर्धा जिंकली" एवढंच आलं. मला त्यात वर्षानुवर्षं अक्षरांचे सांगाडे बघितलेला डोळा दिसतो: देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्यातलं नेमकं काय ठेवायचं आणि उभी रेघ का गाळायची, हे ओळखणारा. यात थोडं थोडं काय आहे? एकात खोल उतरून मग दुसऱ्यात खोल उतरणं आहे.

तेव्हा येतं काय, तर आपला निर्णय कुणाच्या गळ्यात पडणार आहे याचा अंदाज येतो, आणि त्या माणसाला काय विचारायचं ते कळतं. तोटेही आहेत. माझ्याबरोबर मेकॅनिकल झालेली मंडळी आज मशीन डिझाइनमध्ये माझ्या कितीतरी पुढे आहेत. ताण-दाबाचं गणित अडलं की मी त्यांनाच फोन लावते. जे.जे.वाल्यासारखं अक्षर मला जन्मात जमणार नाही. ज्याला एखाद्या विषयाचा एकट्यानेच तळ गाठायचा आहे त्याने हा रस्ता घेऊच नये, असं मी सरळ सांगते.

आता व्यवहाराचं. बारावी कुठल्याही शाखेतून झालेल्यांना बीडेससाठी (डिझाइनची पदवी) यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे, पदवीनंतर एमडेससाठी सीड. एनआयडीची परीक्षा वेगळी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर "बहुशाखीय" ही पाटी जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकावर आली आहे, तिला भुलू नका. पाचपंचवीस ऐच्छिक विषयांतून हवे ते उचला, ही नुसती खाऊगल्ली झाली. कॉलेज बघायला जाल तेव्हा तिथल्या मुलांना दोन गोष्टी विचारा. वेगवेगळ्या शाखांची मुलं एकाच प्रकल्पावर काम करतात आणि त्यांना मार्कही एकत्र मिळतात का? आणि ज्युरीला बाहेरचं कोण बसतं? मार्क वेगवेगळे असतील तर प्रत्येकजण आपापला तुकडा चकचकीत करतो आणि जोड कुणाचाच नसतो. वर्कशॉपही बघून या. यंत्रांवर धूळ आहे की भुसा, ते लगेच दिसतं.

आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं विचारणाऱ्यांसाठी: चित्रकलेच्या त्या ग्रेड परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ते घ्या. यूसीड किंवा सीडला ते सर्टिफिकेट कुणी मागत नाही.