पुठ्ठ्याची कार्डं आणि ०.१२५

आमची शाळा कागदोपत्री 'डिजिटल' आहे. म्हणजे सहावीच्या वर्गात भिंतीवर टीव्ही आहे आणि धूळ बसू नये म्हणून त्याला शिवून घेतलेलं कव्हर आहे. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'ची हवा होती, तेव्हा गावोगाव लोकवर्गणीतून असे टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. आमच्याकडेही आला. लाइट असली तर मी तो लावते, नाही असं नाही. मुलं रमतात. पण टीव्हीकडे बघणाऱ्या तीस चेहऱ्यांवरून कुणाच्या डोक्यात काय शिरलं हे मला कधीच कळलेलं नाही. "समजलं का?" विचारलं की "होऽऽ मॅडम" असा एकसुरी गजर होतो. त्या गजरावर विसंबून किती धडे पुढे गेले असतील, देव जाणे.

एका प्रशिक्षणात 'प्लिकर्स' नावाचं ॲप कळलं. मला आवडलं ते एवढ्यासाठी, की त्यात मुलांच्या हातात काहीच यंत्र लागत नाही. प्रत्येकाला एक कागदी कार्ड. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येक कार्डाची वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या नंबरचं कार्ड कसं धरलंय ते ॲप ओळखतं आणि ज्याच्या त्याच्या नावापुढे हिरवा किंवा लाल रंग दाखवतं. अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याला दिसत नाहीत, आणि नक्षी वेगवेगळी असल्याने त्याचं बघून आपलं कार्ड फिरवून उपयोग नसतो. चाळीस कार्डांचा संच फुकट उतरवून घेता येतो.

प्रिंट काढून आणल्या आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवल्या. लॅमिनेशन मुद्दामच केलं नाही. चकचकीत कागदावर उजेड पडला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. मुलांनी कार्ड बघताच जाहीर केलं, "मॅडम, हा पुस्तकातल्यासारखा क्यूआर कोड!" पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हापासून आमच्या भागात चौकोनी नक्षी दिसली की तिला क्यूआरच म्हणतात. मीही फार खोलात गेले नाही.

नेट फक्त खिडकीपाशी येतं, म्हणून मी खिडकीला पाठ टेकून उभी राहिले. दशांश अपूर्णांक चालू होते. फळ्यावर प्रश्न लिहिला: सर्वांत मोठी संख्या कोणती? ए: ०.६, बी: ०.४५, सी: ०.१२५, डी: तिन्ही सारख्या.

धडा शिकवून झाला होता. वह्यांत स्थानिक किमतीचे तक्ते नीटनेटके होते. कार्डं वर गेली, मी फोन फिरवला आणि नावं लाल होत गेली. निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर ०.१२५. त्यात आमचा एरवी पहिला हात वर करणारा गडीही होता. त्याचं गणित सरळ होतं: एकशे पंचवीस मोठे की सहा? वर्गात आजवर उत्तर तो द्यायचा आणि बाकीचे त्याच्यामागे "हो" म्हणायचे. आज पहिल्यांदाच त्याच्या आधी सगळ्यांना आपापलं उत्तर द्यावं लागलं होतं.

हिरवी नावं पाहून बरं वाटलं खरं, पण एक शंका होती. म्हणून बरोबर उत्तर न सांगता दुसरा प्रश्न दिला, पर्याय ०.३, ०.४५ आणि ०.१२५. ज्यांना 'जास्त अंक म्हणजे मोठी संख्या' वाटतं ते पुन्हा ०.१२५ म्हणणार. ते म्हणालेच. गंमत हिरव्यांची झाली. त्यांतली बरीच मुलं आता ०.३ वर गेली आणि लाल झाली. एकाला विचारलं, का रे? तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, शतांश दशांशापेक्षा लहान असतो. मग ज्याच्यात दशांशच आहे तो मोठा." म्हणजे पहिल्या प्रश्नातलं त्याचं उत्तर बरोबर, कारण साफ चूक. लेखी परीक्षेत मी त्याला पूर्ण मार्क दिले असते. ॲपनेही हिरवा दिलाच होता. ते बिचारं उत्तर मोजतं; ०.६ च्या जागी ०.३ टाकायचं हे शिक्षकालाच सुचावं लागतं.

दोन्ही वेळा हिरवी राहिलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत एक मुलगी होती, मागच्या बस्करावर भिंतीला टेकून बसणारी. विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारलं तरी पुटपुटते. तिला उभं केलं. पहिल्यांदा नुसतीच कार्डाचा कोपरा कुरतडत राहिली. मग म्हणाली, "डेअरीच्या काट्यावर ०.६ आलं म्हणजे सहाशे मिली. ०.४५ म्हणजे साडेचारशे. ०.१२५ म्हणजे सव्वाशे. सव्वाशे मिलीला कोण मोठं म्हणतं?"

वर्ग हसला, आणि हसता हसताच अर्ध्या जणांचे चेहरे बदलले. सकाळी दूध घालायला जाणारी ती काही एकटी नव्हती. पहिल्या हाताचा आमचा गडी स्वतः रोज कॅन घेऊन जातो. फक्त काट्यावरचे आकडे आणि फळ्यावरचे आकडे एकाच घरचे आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं. "मग ०.३ म्हणजे तीनशेच की!" तो ओरडला. तिसरा प्रश्न दिला तेव्हा बहुतेक नावं हिरवी आली. जी तीन-चार आली नाहीत त्यांना मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली आणि मापटं घेऊन बसवलं.

मधेच केंद्रप्रमुख साहेब आले. मुलं पुठ्ठे वर धरून बसलेली आणि मी खिडकीत फोन घेऊन उभी. म्हणाले, "डिजिटल तास ना? मग टीव्ही का बंद?" मी सांगितलं, यात टीव्ही लागत नाही. त्यांना ते पटलं नसावं. अहवालासाठी फोटो हवा होता, म्हणून टीव्हीचं कव्हर काढून त्याच्यासमोर मुलांना कार्डं धरायला लावली आणि फोटो ग्रुपवर गेला. फोटोतला टीव्ही बंदच आहे, पण लाइक भरपूर आले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी डेअरीच्या पावत्या आणल्या. फॅट ३.५, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ ही गायीच्या दुधाची दराची रेघ. फॅट त्याखाली गेलं की पॉइंटला पैसे कापतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या मागच्या बस्करावरच्या मुलीने विचारलं, "एका पावतीवर ३.५ आणि दुसरीवर ३.५० असलं तर पैसे वेगळे मिळतील का?" वर्गात लगेच दोन तट पडले. हुशार गडी उत्तर द्यायला उठलाच होता. मी त्याला खाली बसवलं, तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, "कार्डं घ्या."