पाच फूट पाच इंचांच्या माणसाची एक्सपल्स

दोन वर्षांपूर्वी चतुर्थी आटोपल्यावर मी म्हापशाहून हिरो एक्सपल्स २०० ही मोटारसायकल, वापरलेली, सत्तर हजार रुपयांना घेतली. २०१९ साली ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिच्या फ्युएल इंजेक्शनच्या मॉडेलची दिल्लीतील शोरूम किंमत १,०५,००० रुपये होती आणि माझी गाडी त्याच पहिल्या खेपेतील आहे. घेण्याचे कारण साधे होते. गोव्यातील सत्तरी तालुक्यात माझ्या मामेभावाची काजूची बागायत आहे, डांबरी रस्ता संपल्यावर तिथपर्यंत सुमारे तीन किलोमीटरची वाट आहे, आणि त्या वाटेने जाता येईल व एरवी डिचोलीहून पणजीला कामावरही नेता येईल, अशी एकच गाडी माझ्या खिशाला परवडणार होती.

पहिल्याच रविवारी मी त्या वाटेवर तीनदा पडलो. पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याकडची तांबडी माती साबणासारखी होते, आणि जिथे माती नसते तिथे उघड्या जांभ्यावर शेवाळ असते, जे चिखलापेक्षाही वाईट. घरी आल्यावर मी बिघडलेल्या माणसाने करावे तेच केले, म्हणजे रात्रभर मोबाइलवर सुट्या भागांच्या किमती पाहत बसलो. कंपनीने स्वतःच २०२० मध्ये या गाडीसाठी रॅली किट, म्हणजे खडतर वाटांसाठीच्या सुट्या भागांचा संच, आणले होते, ज्याची किंमत ३८,००० रुपये होती. त्याने पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला खालीवर व्हायला मिळणारी जागा, १९० मिलिमीटरवरून २५० वर आणि मागचा १७० वरून २२० वर जातो. वाचायला ते फार मोहक वाटले. परंतु गाडीच्या मूळ सीटची उंचीच ८२३ मिलिमीटर आहे आणि मी पाच फूट पाच इंच. शेवाळलेल्या जांभ्यावर पाय टेकायची वेळ आली तर माझी फक्त चवड्याची बोटे पोहोचतात. गाडी आणखी उंच केली असती तर तीही पोहोचली नसती.

हे मला समजले ते आमच्या वाड्याजवळच्या गॅरेजमधील म्हाताऱ्या मिस्त्रींकडून. मी दहा वस्तूंची यादी त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती न वाचताच विचारले, "गाडी तुमच्या वजनाला लावून घेतली आहे का?" मी गप्प बसलो.

वजनाला लावणे म्हणजे नेमके काय, हे मला त्या दिवशी समजले. एक्सपल्सच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग दहा टप्प्यांत घट्ट किंवा सैल करता येते. या गाडीला मधले स्टँड नाही, म्हणून आम्ही सोड्याच्या बाटल्यांचा एक रिकामा क्रेट उलटा करून इंजिनाखालच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटला टेकवला आणि मागचे चाक हवेत उचलले. मिस्त्रींनी सीटखालच्या पॅनेलवर खडूने एक खूण केली आणि चाकाच्या आसापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजले. ते ५२० मिलिमीटर भरले. नंतर क्रेट काढून मी हेल्मेट, बूट आणि पाठीवरची पिशवी घेऊन गाडीवर बसलो, मामेभावाने पुढून हँडल धरले, आणि पुन्हा मोजल्यावर अंतर ४४९ भरले. म्हणजे मी नुसता बसलो तरी गाडी ७१ मिलिमीटर खाली बसत होती. एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे सत्तावन्नच्या आसपास बसली तर ती खड्ड्यासाठी पुरेशी जागा राखून ठेवते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. मागचा भाग जास्त बसला की पुढचे चाक हलके होते आणि चिखलात ते वळायला नकार देते. माझ्या तीनपैकी दोन पडण्यांचे कारण तेच असावे, असे मला आता वाटते. सी-आकाराच्या पान्याने तीन टप्पे घट्ट केल्यावर गाडीचे खाली बसणे ५८ मिलिमीटरवर आले. खर्च शून्य.

त्याच दुपारी आणखी तीन फुकटची कामे झाली. फूटपेगवरची, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवरची, रबरे काढून टाकली, त्यामुळे चिखलाच्या बुटांना दातेरी लोखंड मिळाले. गाडीवर उभे राहून चालवताना मनगट सरळ राहील इतके क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली फिरवले. लिव्हर ज्या पट्टीने हँडलला आवळलेले असतात, तिच्याखाली नळजोडणीची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळली आणि बोल्ट जरा कमी आवळले. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी हँडलवर फिरून बाजूला होतो. त्यानंतर गाडी सात-आठ वेळा आडवी झाली असेल, पण आतापर्यंत एकही लिव्हर मोडलेला नाही.

पैसे खर्च झाले ते टायरवर. मूळ टायर डांबर आणि कच्चा रस्ता या दोन्हींची सोय पाहणारे असतात आणि ओल्या मातीत त्यांच्या खाचा दहा मीटरमध्ये भरून जातात. पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ याच मापाचे, पण मोठ्या सुट्या ठोकळ्यांचे टायर आणि जाड ट्यूब मिळून नऊ हजार रुपये लागले. बसवणी मी स्वतः शिकायची असे ठरवले, कारण बागेत पंक्चर झाले तर तिथे मदतीला माकडांखेरीज कोणी येत नाही. पहिला टायर बसवताना टायर चढवायच्या लोखंडी लिव्हरखाली ट्यूब सापडली आणि फाटली. चूक अशी होती की टायरची एक कड रिममध्ये शिरवताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नव्हती, आणि मग उरलेली ताकद लिव्हरने लावत बसलो. साबणाचे पाणी आणि गुडघा यांनी जे काम होते ते जोराने होत नाही.

वाटेवर हवा किती ठेवावी यावरून मी बराच काळ घोळ घातला. हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, म्हणून एकदा मागच्या चाकात १४ पीएसआयवर चढ चढलो. वर पोहोचल्यावर पाहिले तर व्हॉल्व्हची नळी रिममधून तिरकी झाली होती. टायर रिमवर सरकला होता आणि ट्यूबला सोबत ओढत होता. आणखी थोडे झाले असते तर व्हॉल्व्ह मुळापासून उखडला असता. तेव्हापासून मी व्हॉल्व्हचा नट रिमला न आवळता वर टोपीपाशी ठेवतो, म्हणजे नळी तिरकी झालेली लगेच दिसते, आणि मागच्या चाकात १८ पीएसआयच्या खाली जात नाही.

पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात १३ वरून १२ करणे हा साडेतीनशे रुपयांचा बदल होता. प्रत्येक गिअरमध्ये गाडी साधारण आठ टक्के हळू आणि तितकीच जोरकस होते. पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या गतीने चढता येते आणि क्लच अर्धा दाबून ठेवण्याची गरज कमी पडते. मात्र त्यानंतर चेन सैल होते, मागचे चाक थोडे मागे घेऊन ती पुन्हा ताणावी लागते, आणि लहान स्प्रॉकेटवर चेन मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या जवळून जात असल्याने तिथल्या प्लास्टिकच्या पट्टीची झीज दर महिन्याला पाहावी लागते. पणजीच्या रस्त्यावर इंजिन आता उगाचच ओरडते, तो त्रास मी मान्य केला आहे.

सगळ्यात मोठी फजिती हँडलने केली. उभे राहून चालवताना पाठ वाकते म्हणून मी हँडल उंच करणारे ३० मिलिमीटरचे रायझर घातले. घराच्या अंगणात सगळे ठीक वाटले. बागेच्या शेवटच्या वळणावर हँडल पूर्ण डावीकडे वळवले आणि मी मूठ न फिरवताच इंजिनाचा वेग वाढला, गाडी पुढे झेपावली आणि मी सुक्या काजूच्या पानांत गेलो. हँडल वर गेल्यामुळे ॲक्सिलरेटरची केबल इतकी ताणली गेली होती की वळवताना ती आपोआपच ओढली जात होती. हे माझेच काम होते, दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. ३० ऐवजी २० मिलिमीटरचे रायझर लावले, केबलचा मार्ग बदलला, आणि आता कोणताही बदल केला की इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहतो. आवाज तसूभरही बदलता कामा नये.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर घ्यावा, असा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. मी तो घेतला नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाबाहेर बदल करू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट आणि पुढच्या चाकाचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, जसेच्या तसे आहेत. एबीएस मागच्या चाकाला नाही, त्यामुळे उतारावर ते हवे तेव्हा घसरवता येते, आणि मला तेवढे पुरते. शिवाय आमच्या बागेपलीकडे म्हादई अभयारण्य सुरू होते, आणि तिकडे गाडी घेऊन जायचे नाही हे मामेभावाने पहिल्याच दिवशी बजावले होते. ते तंतोतंत पाळतो.

गाडीची किंमत सोडून आजवरचा सगळा खर्च, हँडगार्ड आणि पुढच्या फोर्कमधील तेलासह, साडेचौदा हजार झाला. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर त्याच वाटेने गेलो, तेव्हा एकदाच पडलो, तेही थांबलेलो असताना, पाय टेकायला गेलो तिथे खळगा निघाला म्हणून. उंचीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सीटचा फोम दोन इंच कापून घ्यावा असे मिस्त्री म्हणतात, पण मग पणजीपर्यंतचे तीस किलोमीटर कोणत्या हाडावर बसून काढायचे, याचे उत्तर त्यांच्याकडेही नाही.