जस्टिनचा खटला आणि व्हिक्टरचे मौन

१८१८ साली लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेल्या मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'विषयी बोलताना निसर्गाच्या कामात माणसाने केलेल्या ढवळाढवळीचाच विषय निघतो. मी मात्र दर वेळी जस्टिनच्या खटल्यापाशी अडतो. प्रयोगातून एक सजीव प्राणी निर्माण करणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचा धाकटा भाऊ विल्यम याचा खून होतो; त्याच्या गळ्यातले आईचे चित्र घरच्या या मोलकरणीच्या खिशात सापडते आणि तेवढ्यावरून खुनाचा आळ तिच्यावर येतो. खुनी आपणच निर्माण केलेला प्राणी आहे, याविषयी न्यायालयात बसलेल्या व्हिक्टरच्या मनात शंका नसते, तरीही आपले बोलणे वेड्याची बडबड ठरेल, असे स्वतःला समजावून तो गप्प राहतो. धर्मगुरूच्या दडपणाखाली जस्टिन खोटा कबुलीजबाब देते आणि तिचा जीव जातो. एवढ्यावर व्हिक्टर आपल्याला सांगतो की, तिला निदान स्वतःच्या निरपराधीपणाचा आधार होता, तेव्हा आपल्या यातना तिच्यापेक्षा मोठ्या होत्या!

पुढे पत्नी एलिझाबेथच्या खुनानंतर तोच व्हिक्टर जिनिव्हाच्या न्यायाधीशापुढे सारी हकीकत मांडतो, आणि न्यायाधीश ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. असल्या प्राण्याला पकडणे अशक्य आहे, असे तो म्हणतो हे खरे. पण दार ठोठावले असते तर ते आधीही उघडले असते, असे मला वाटते.

व्हिक्टरने निर्माण केलेल्या जिवाचे एकटेपण लादलेले आहे; त्याच्याशी माणुसकीने बोलतो तो एकटा दृष्टिहीन म्हातारा द लेसी, तेही घरचे परत येईपर्यंतच. व्हिक्टरने मात्र एकांत स्वतः ओढवून घेतला आहे: इंगोलश्टाटला विद्यापीठात शिकत असताना घरी पत्र नाही, आणि पुढे मित्र क्लेरव्हलला मागे ठेवून दुसऱ्या प्रयोगासाठी थेट स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनीचे ओसाड बेट. विचारणारे कोणी जवळ नसले की जाब द्यावा लागत नाही. १८३१च्या सुधारित आवृत्तीत लेखिकेने नियतीचा हात अधिक ठळक केला. त्यामुळे व्हिक्टरला पळवाट मिळाली, म्हणून मला पहिलीच आवृत्ती अधिक पटते.

मरताना व्हिक्टर उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजाचा कप्तान वॉल्टन याला सांगतो की, गतायुष्य तपासून पाहिले, पण आपल्या वागण्यात दोष सापडला नाही. त्याआधी बर्फात अडकलेल्या खलाशांनाही त्याने आवेशाने पुढे रेटू पाहिले होते. वॉल्टन मनाविरुद्ध का होईना, त्या खलाशांचे ऐकतो आणि जहाज माघारी वळवतो.