सांधा क्रमांक दोन: फ्रॉगवरचा आळ खोटा निघाला

माझ्या मॉडेल रेल्वेवर सांधा क्रमांक दोनमध्ये, म्हणजे जिथे रूळ दोन वाटांना फुटतो तिथे, इंजिन अडत होते; मागच्या नोंदीत त्याबद्दल फ्रॉगला, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला, दोषी ठरवून मी मोकळा झालो होतो. तो निकाल आज मागे घ्यावा लागत आहे, कारण तीन आठवडे ज्याच्यामागे हात धुऊन लागलो होतो तो फ्रॉग निर्दोष निघाला आणि खरा चोर त्याच्या दोन बोटे अलीकडे, टंग रेलपाशी, म्हणजे वाट बदलताना सरकणाऱ्या निमुळत्या रुळापाशी सापडला.

आपले स्थानक बार्शी लाइट रेल्वेच्या १९०६ साली सुरू झालेल्या पंढरपूर फाट्यावरचे, काल्पनिक असले तरी चालीरीतीने अस्सल. मूळ ७६२ मिमीचे गेज (दोन रुळांमधले अंतर) १:८७ प्रमाणात ८.७६ मिमी भरते, म्हणून एन गेज या लहान मापाच्या मॉडेलचा ९ मिमीचा रूळ वापरून मी दाट स्लीपर विरळ केले, हे आधी लिहिलेच आहे. अडचण अशी होती की ए वर्गाचे ०-८-४ टँक इंजिन (आठ चालक चाके आणि त्यांमागे बोगीची चार छोटी चाके) लूपच्या, म्हणजे मुख्य रुळाला दोन्ही टोकांना मिळणाऱ्या बाजूच्या रुळाच्या सांध्यात शिरले, की पुढचे चाक फ्रॉगवर पोहोचताच थांबे आणि कंट्रोलरचा शॉर्ट सर्किटचा लाल दिवा लागे. मी फ्रॉगला मायक्रोस्विचने (सांध्याबरोबर दाबला जाणारा छोटा स्विच) वेगळा पुरवठा दिला, रूळ घासले, चाके पुसली; इंजिन जागचे हलले नाही.

उलगडा अपघातानेच झाला. बोगी दुसऱ्या बाजूला दिसावी म्हणून इंजिन उलटे ठेवून चालवले, तर फ्रॉगला एकही चाक लागलेले नसताना ते थांबले. मग खोलीतला दिवा मालवून पाहिले, तेव्हा उघड्या, म्हणजे शेजारच्या रुळापासून दूर सरकलेल्या टंग रेलच्या पाठीशी एक बारीक निळी ठिणगी उडाली. व्हर्नियरने मोजल्यावर चौथ्या चालक जोडीच्या दोन चाकांमधले अंतर इतर जोड्यांपेक्षा ०.२ मिमी कमी भरले. त्यामुळे चाकाची पाठ उघड्या टंग रेलला घासत होती, आणि ती टंग रेल फ्रॉगशी जोडलेली असल्याने शेजारच्या स्टॉक रेलच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर रुळाच्या विरुद्ध ध्रुवाची होती. शॉर्ट सर्किट मागच्या चाकापाशी होई, परंतु त्याच क्षणी पुढचे चाक नेमके फ्रॉगवर असल्यामुळे आळ त्याच्यावर येई. खात्रीसाठी टंग रेलच्या पाठीला नेलपॉलिशचा एक हात दिला आणि इंजिन निमूट पार झाले.

नेलपॉलिश मात्र आठवड्याभरात झिजते. म्हणून सोनारी करवतीने दोन्ही टंग रेल फ्रॉगपासून तोडल्या, फटीत प्लॅस्टिकची चकती चिकटवून रुळाच्या आकारात घासली आणि प्रत्येक टंग रेल आपापल्या स्टॉक रेलला बारीक तारेने जोडली. फ्रॉगला आता मायक्रोस्विच तेवढा पुरतो. चाक घासले तरी दोन्हीकडे ध्रुव एकच, त्यामुळे भांडणाचे कारणच उरले नाही. ती जोडीही बाहेर ओढून बरोबर केली आहे. डाख देताना आम्लाचा फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावतात ते द्रव्य) वापरण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. तो पटकन पकडतो, पण नीट धुतला गेला नाही तर तार आतून खातो. राळेचा फ्लक्स आणि धीर, एवढे पुरे. मायक्रोस्विच पाठवणाऱ्या विक्रेत्याने सहापैकी दोन मुके पाठवले, त्याबद्दल त्याला पत्र गेले आहे.

काल रात्री इंजिन इतक्या सावकाश सांध्यातून गेले की कनेक्टिंग रॉडची प्रत्येक फेरी मोजता आली. ही चाल मी अकरा वेळा पाहिली.

आता एक पेच. सांधा फिरवणारी छोटी सर्वो मोटर रिकामी असतानाही गुणगुणते, आणि खेड्यातल्या स्थानकाच्या शांततेत ते कानाला खुपते. हे लिहिता लिहिताच सुचले, की सांध्याशेजारी हाताचा खटका बसवून नळीतून तार ओढली, तर त्याच तारेवर मायक्रोस्विचही दाबता येईल आणि मूळ रेल्वेवरचा सांधेवाला जसा हाताने खटका ओढत असे तसेच मलाही करावे लागेल. सर्वो त्यामुळे बाद. तिसरा सांधाही बाद, कारण दोन सांध्यांच्या नुसत्या लूपवरही असे स्थानक चालते. मोकळ्या झालेल्या जागेत रुळाच्या पातळीचा फलाट पुढे वाढवणार आहे. त्यासाठी काळ्या दगडाचा चुरा चहाच्या गाळणीतून चाळून ठेवला आहे.