नळाला प्रेशर नाही

दुपारी तीनच्या सुमाराला फ्रिजच्या दारातली धार बारीक झाली, मग थेंबावर आली, मग आतून गुर्र असा आवाज आणि पुढं काहीच नाही. ग्लासात दोन घोट. बाहेर लातूरचा मे महिना.

हा फ्रिज पोरानं पुण्याहून हौसेनं घेऊन दिलेला. दोन दारांचा, मागून पाण्याची नळी जोडायचा, दारात ग्लास टेकवला की गार पाणी. हौसेच्या मागं एक जुनं भांडण आहे. ज्या घरात फ्रिज त्या घरात ते असतंच : बाटली कुणी भरायची. ज्यानं संपवली त्यानं भरायची, असा आमचा नियम, आणि या नियमामुळंच आमच्याकडं बाटली कधी संपली नाही. तळाशी दोन घोट ठेवून ती गुपचूप परत आत जायची. ह्यांना ही कला फार लवकर साधली. भर उन्हाळ्यात फ्रिज उघडावा तर चार बाटल्या ओळीनं उभ्या, चारही जवळजवळ रिकाम्या, आणि विचारलं तर, "मी संपवली नाही." खोटं म्हणायचीही सोय नाही. पोरगं हे ऐकत मोठं झालं, नोकरीला लागलं आणि पहिला मोठा पगार त्यानं बाटल्यांचा नायनाट करण्यात घातला.

माझ्या लहानपणी घरात फ्रिजच नव्हता. होता तो शेजारच्या काकूंकडं, तोही बैठकीत, डोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. दाराला कुलूप असायचं, किल्ली काकूंच्या कमरेला. घरी पाहुणे आले की मला स्टीलचा डबा देऊन पिटाळायचे. "काकू, आईनं बर्फ मागितलाय." मग काकू ॲल्युमिनियमचा ट्रे काढायच्या. त्याला मधोमध एक खटका होता, तो वर ओढला की कटकन सगळे खडे सुटायचे. पण ट्रे इतका गारठलेला असायचा की खटका हलायचा नाही. दुसरं कुणी असतं तर ट्रे नळाखाली धरला असता. काकू पदरानं धरून ओट्याच्या कडेवर आपटायच्या, आणि उडालेले तुकडे वेचून वाटीत टाकायच्या; ते त्यांच्या माठात जायचे. मी डबा छातीशी धरून पळायची, वाटेत एक खडा तोंडात. त्या बर्फाला काकूंच्या लसणीच्या चटणीचा वास यायचा. पाहुण्यांच्या सरबतालाही यायचा. कुणी कधी बोललं नाही.

असो. कंपनीच्या फोनवर एक मुलगी होती, आवाज फार गोड. तिच्यासमोर प्रश्नांची यादी असावी. दाराचं लॉक लागलंय का? नाही. मागची नळी भिंतीत दबलीय का? नाही. बर्फ होतोय का? होतोय, पण आतून पोकळ. फ्रीझर फार थंडवर ठेवलाय का, कधीकधी दारातल्या नळीतलंच पाणी गोठतं? नाही. मग ती सहज, पुढचं नाव लिहून घ्यावं तशा सुरात म्हणाली, "मॅडम, पाण्याचा नळ चालू आहे ना?"

म्हटलं, "आज आमचा वार नाही."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "टेक्निशियन पाठवते."

दुसऱ्या दिवशी आला तो पंचविशीतला पोरगा. त्यानं फ्रिज पुढं ओढला, मागची पेन्सिलीएवढी नळी सोडून बादलीत धरली, धार बघितली, आणि उत्तर द्यायच्या आधी जिना चढून गच्चीवर गेला. टाकी बघून खाली आला.

"काकू, फ्रिजला काई झालं नाई. तुमच्या पाण्याला प्रेशर नाई."

मग त्यानं हिशोबच मांडला. आत जो विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो त्याला 20 पीएसआयच्या (हे दाब मोजायचं माप) आसपास दाब लागतो. टाकी 10 फूट वर असेल तर पाण्याचा दाब पडतो 4 पीएसआयच्या जरा वर. आमची टाकी फ्रिजपासून 12 फूट. म्हणजे 5. फ्रिजला हवं तेवढं प्रेशर नुसत्या उंचीनं मिळवायचं तर टाकी 45 फुटांवर न्यावी लागेल. शिवाय दाब कमी असला की हा व्हॉल्व्ह नीट बंदही होत नाही, पाणी झिरपत राहतं. त्यात बोअरचं पाणी क्षाराचं, त्यानं फिल्टर सहा महिन्यांच्या आतच गच्च झालेला. आणि टाकी मध्ये कधीतरी तळाला गेली तेव्हा नळीत हवा शिरली ती वेगळीच.

हवेचं ऐकून मला औरंगाबादचं कॉलेज आठवलं. पाणचक्कीला आम्ही मैत्रिणी अभ्यासाच्या नावाखाली जाऊन बसायचो. मलिक अंबरनं 1610 साली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापराच्या नळांनी शहरात आणलं. मोटार नाही, वीज नाही, नुसता उतार. नहरीच्या वाटेवर उंच मनोरे बांधलेले, नळात कोंडलेली हवा त्यातून निघून जावी म्हणून. तेव्हा आम्हाला ते मनोरे म्हणजे सावलीची जागा. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे ठाऊक होतं ते मला फ्रिज विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, पण तो तरी काय सांगणार. त्यानं मला रंग विचारला होता.

टेक्निशियननं नवा फिल्टर बसवला आणि म्हणाला, आता पहिलं पाणी सोडून द्यायचं, हवा आणि कोळशाची काळी भुकटी निघून जाते. किती? 10 लिटर तरी.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, इतका वेळ पलंगावर माळ ओढत बसल्या होत्या. माळ थांबली.

"किती म्हणला?"

"धा लिटर, आज्जी."

"रेल्वेनं आलेलं पाणी पिलेली माणसं हाव आम्ही. आन् हा सांड म्हणायलाय."

खरंच होतं ते. 2016 चा एप्रिल. मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. त्याआधी शहरात टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आत्यांची सवय त्या उन्हाळ्यानं मोडली. नळ सुटला की आदल्या खेपेचं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं आणि घासूनपुसून नवं भरायचं, ही सवय. घरोघरी होती ती, आमच्या माहेरीही. त्या सालापासून आत्या म्हणतात, पाणी काय भाकर हाय का शिळं व्हायला.

तर 10 लिटर सांडलं नाही. आत्या स्वतः उठल्या. स्टीलची बादली फ्रिजच्या दाराखाली मावेना, म्हणून ग्लास टेकवायचा, भरला की बादलीत ओतायचा, पुन्हा टेकवायचा. मध्येच भस्सकन हवा यायची आणि पाणी त्यांच्या हातावर उडायचं. पहिल्या ग्लासात काळपट कण होते, ते झाडाला. पुढचं भांड्यांना. शेवटची बादली त्यांनी कूलरमध्ये ओतली आणि मग टेक्निशियनला म्हणाल्या, आता कर तुझं बिल.

धार पहिल्यापेक्षा बरी झाली, पण खरं औषध त्यानं सांगितलं ते बूस्टर पंप. आरओला असतो तसलाच, छोटा. टाकी आणि फ्रिजच्या मध्ये बसवला की झालं. त्याच्याच घरी कसला बसवलाय म्हणून मी विचारलं. तो हसला.

"आमचं घर गल्लीच्या टोकाला हाय काकू. नळ सुटला की पुढची समदी घरं मोटारी लावतेत. आमच्या तोटीतून नुसती हवा येती. कुठला बूस्टर लावताव तिथं."

गल्लीच्या पुढच्या अंगाला राहणारी मी यावर काय बोलणार. आमचीही मोटार नळ सुटला रे सुटला की सुरू होते, सगळ्यांचीच होते. मधल्या घरांचं सांगायला नको. आमच्या गल्लीच्या टोकालाही एक घर आहे. त्या बाई पाण्याच्या दिवशी दोन घागरी घेऊन आमच्याच फाटकाशी येतात, आणि आम्ही देतो, म्हणजे उपकार केल्यासारखं देतो.

पंपाचं काय करू, त्यानं जाताना पुन्हा विचारलं. मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.