करंगळीएवढी वायर: सोलापुरात गाडीला इन्व्हर्टर बसवला

पुण्याहून सोलापूरला जाणारा ६५ नंबरचा हायवे सरळ आहे, चांगला आहे आणि कंटाळवाणा आहे. भिगवणला उजनीचं पाणी दिसलं की मासे खायला थांबायचं, मग इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत उन्हं उतरताना सोलापुरात शिरायचं. या खेपेलाही तसंच निघालो. भिगवणच्या पुढे एका झाडाखाली गाडी लावून बायकोने ताकात घालायला मिरची-कोथिंबीर वाटायला घेतली, मिक्सरचं बटण फिरवलं, आणि इन्व्हर्टर टीं टीं करून गप्प. बॅटरी फुल. सकाळीच घरच्या लाइनवर चार्ज केलेली.

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने सीट काढून आत दोन बर्थ, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. सुतारकाम झकास आहे. वायरिंग मात्र त्याने जसजशी गरज पडली तसतसं जोडत नेलेलं. ड्रायव्हरच्या सीटमागच्या पेटीत १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, आणि इन्व्हर्टर पार मागे ओट्याखाली. दोघांच्या मध्ये चारेक मीटर वायर. हे दुखणं घेऊन मी आधी एका दुकानात गेलो होतो. त्यांनी मीटर न लावताच बॅटरी गेली म्हणून सांगितलं आणि नवीचा भाव काढला.

मिक्सरचं एक वेळ चालून गेलं असतं. खरा प्रश्न अण्णांचा होता. वडिलांना झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लागतं. या इन्व्हर्टरचा भरवसा नाही, त्यामुळे आम्ही गाडीत झोपायचं आणि अण्णांसाठी लॉजची खोली शोधायची, असं चाललं होतं. मग गाडी कशाला घेतली, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

सोलापुरात जुळे सोलापूरला मावशीकडे उतरलो. मावसभाऊ म्हणाला, इन्व्हर्टरच्या दुकानात जाऊच नको, रिवाइंडिंगवाल्याकडे चल. अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांचा भाग आहे. चादरी आणि टॉवेल विणणारे कारखाने, घराला लागून माग, आणि त्या मागांच्या मोटारी जळल्या की भरून देणारी छोटी छोटी दुकानं. मोटर भरणाऱ्या माणसाचा सगळा दिवस तांब्यात जातो. कुठल्या जाडीच्या तारेतून किती करंट गेला की ती तापते, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मिस्त्री साठीकडे झुकलेले. पोऱ्याशी तेलुगूत बोलायचे, माझ्याशी अस्सल सोलापुरीत.

“कुठनं येलालाव ओ?”

पुणे म्हटल्यावर नुसतं हं. गाडीत चढले, वाकून वायरीचा माग काढत मागपर्यंत गेले आणि बायकोला म्हणाले, “ताई, मिक्सर लावा जरा.” एका हातात मल्टिमीटर, पोऱ्याच्या हातात टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती लावून करंट मोजायचा चिमटा. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३ व्होल्ट. मिक्सर फिरत असताना इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १०.७, आणि तो आकडा खालीच चाललेला. साडेदहा व्होल्टला इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, तसा झाला.

“बॅटरीला काय बी झालं नाही साहेब. वायरच खालालीय सगळं.”

हिशेब साधा आहे, पण मी तो कधी करून पाहिला नव्हता. घरात ५०० वॉटचा मिक्सर २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअर ओढतो. तेच ५०० वॉट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे, तर इन्व्हर्टरची स्वतःची खोट धरून ४५ अँपिअरच्या आसपास जातात, आणि मोटर सुरू होतानाचा झटका त्याहून कितीतरी मोठा. आमच्या गाडीत ४ स्क्वेअर एमएमची वायर, जाताना चार मीटर, येताना चार मीटर. एवढ्या तांब्यात दीड व्होल्टच्या वर जिरतात. २३० मधून दीड गेले तर कोणाला कळतही नाही. १२ मधून गेले की खेळ खलास.

मग त्यांनी जुन्या वायरीचा लग, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली बोल्टाच्या भोकाची टोपी, कापला आणि हॅक्सॉ ब्लेडने आडवा चिरून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून चांगला दाबलेला दिसत होता. आत तारांमध्ये सरळ फटी, आणि निम्म्या तारा काळ्या पडलेल्या. हातोडीने ठोकून बसवलेला लग. फटीत हवा आणि ओल जाते, तांबं काळं पडतं, जोड तापतो, तापला की आणखी काळा पडतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, “हे जळलं असतं एखाद दिवशी.”

जुना इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी वेव्हचा होता. पंखा त्याच्यावर गुणगुणायचा. सीपॅपसारख्या मशीनला प्युअर साइनच, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत वेव्ह देणाराच हवा, म्हणून नवी पेठेतून १००० वॉटचा, १२ व्होल्टचा प्युअर साइन आणला. नुसत्या सीपॅपला ३०० वॉटचाही पुरला असता. मिक्सरसाठी मोठा घेतला. मोठ्याला नुसतं चालू राहायलाही जास्त करंट लागतो, हे घेताना माहीत असलेलं बरं. घरात वापरतो तो इन्व्हर्टर का नाही, असं मावसभावाने विचारलं. बरेच लोक गाडीत तोच टाकतात, आणि त्यात सोयही आहे: चार्जर आणि लाइन गेल्यावर आपोआप बदली, सगळं एकाच खोक्यात. पण तो भिंतीशेजारी एका जागी उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. खड्ड्यातून हापटत जाणाऱ्या गाडीत ते जड खोकं नीट आवळून बसवणं मला जमेलसं वाटेना.

मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे इन्व्हर्टरची जागा बदलली. ओट्याखालून काढून बॅटरीच्या पेटीला लागून, पण वेगळ्या कप्प्यात बसवला. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि इन्व्हर्टरमध्ये ठिणगी पडू शकते, म्हणून दोघं एका पेटीत नकोत. बॅटरीच्या पेटीतून नळी काढून गाडीच्या तळातून बाहेर नेली. इन्व्हर्टरच्या कप्प्याला दोन बाजूंनी जाळी पाडली, कारण मार्चच्या शेवटीच सोलापूर चाळिशीला टेकलेलं असतं आणि बंद खोक्यात कोंडलेला इन्व्हर्टर गरम होऊन ट्रिप मारतो.

बॅटरी ते इन्व्हर्टर आता जेमतेम मीटरभर अंतर, आणि त्याला ३५ स्क्वेअर एमएमची मऊ कॉपर केबल, करंगळीएवढी जाड. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले. दांडा दाबत आणला की शेवटी टक्क वाजतं, मग त्यावर हीट श्रिंकची नळी. पोऱ्याने प्रत्येक लग दोन्ही हातांनी ओढून पाहिला. निगेटिव्हसाठीही तेवढीच केबल थेट बॅटरीला. जुन्या गाड्यांत निगेटिव्ह बॉडीवर टाकून मोकळं व्हायची पद्धत आहे. दिव्याला, हॉर्नला ते चालतं, पण शंभर अँपिअर गंजलेल्या पत्र्यातून आणि रंगावर आवळलेल्या बोल्टातून न्यायचे नाहीत.

पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १२५ अँपिअरचा फ्यूज. हा आधी नव्हताच. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज असतो की, असं मी म्हटलं. मिस्त्रींनी केबलवर बोट ठेवलं: ही मध्येच कुठं घासून बॉडीला लागली तर? आतला फ्यूज तिच्या पलीकडे. एवढी बॅटरी शॉर्ट झाली तर हजाराच्या वर अँपिअर सोडू शकते, आणि लाकडी बर्थला पेट घ्यायला तेवढं पुष्कळ.

मागे ओट्यापर्यंत आता २३० व्होल्ट जातात, साध्या अडीच एमएमच्या मल्टिस्ट्रँड वायरीतून. एकतारी वायर गाडीच्या हादऱ्याने आत तुटते, म्हणून ती नको. बाहेरची लाइन आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये फिरवायचा चेंजओव्हर स्विच: लाइन, बंद, इन्व्हर्टर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात असा. लाइन चालू असताना इन्व्हर्टरचं आउटपुट त्याच सॉकेटला भिडलं की इन्व्हर्टरचा धूर निघतो. बॅटरीचा चार्जर स्विचच्या अलीकडे, फक्त लाइनवर. नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला चालवणार, इन्व्हर्टर चार्जरला आणि चार्जर पुन्हा बॅटरीला, आणि तुम्ही निवांत झोपलेले असताना या फेऱ्यातच बॅटरी उतरणार.

आरसीसीबीच्या, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचच्या, बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो. टेस्टचं बटण दाबलं आणि तो पडला, म्हणजे काम झालं असं धरू नका. ते बटण अर्थिंग नसतानाही आरसीसीबी पाडतं. इन्व्हर्टरवर तो खरोखर वाचवायला हवा असेल, तर इन्व्हर्टरचा न्यूट्रल गाडीच्या बॉडीला जोडलेला लागतो. काही इन्व्हर्टरना ते चालतं, काहींना नाही. माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय त्यात हात घालू नये. आमच्यात चालत होतं.

पंखा मात्र इन्व्हर्टरवरून काढूनच टाकला. ७५ वॉटच्या पंख्यासाठी १२ चे २३० करायचे कशाला, असं म्हणत मिस्त्रींनी १२ व्होल्टवर थेट चालणारा लावायला सांगितला. मोबाइलचे चार्जरही तसेच. बदलायची गरज नाही तिथे बदलू नये, प्रत्येक बदलीत थोडी वीज वाया जाते.

काम चालू असताना अण्णा आणि मी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरून आलो. अण्णांना पाण्यातलं ते देऊळ कितीही वेळा दाखवलं तरी चालतं. येताना शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा गठ्ठा घेतला. मावशी विकतच्या चटणीकडे पाहून काही बोलली नाही, पण रात्री स्वतः उखळात कुटलेली वाढली. तेल सुटलेली, खमंग. मिक्सर आता झकास चालतो हे तिला सांगायला गेलो, तर म्हणाली, “मिक्सरात चटणीचं पीठ होतं रे, तेल सुटत नाही.” मिस्त्रींच्या बिलात मजुरीपेक्षा केबल, लग आणि फ्यूज यांचाच आकडा मोठा होता. घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला दर्शन घेऊन रात्री गाडीतच मुक्काम केला. सीपॅपचं पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला, कारण सगळ्यात जास्त वीज तोच खातो. तो सोडला तर मशीन साधारण ४० वॉटवर भागतं. आठ तासांचे ३२० वॉट-अवर, इन्व्हर्टरची खोट धरून बॅटरीतून ३५-४० अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात, त्या हिशेबात हे आरामात बसतं. पहाटे, रात्रभराचा लोड काढून थोड्या वेळाने मीटर लावला, १२.४.

अण्णा उठले तेच खुशीत. लॉजचे पैसे वाचले हा आनंद झोपेपेक्षा मोठा होता बहुतेक. तोंड धुऊन आल्यावर म्हणाले, “आता एवढं केलंच आहेस तर पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली पण घेऊन टाक. पाच मिनिटांत चहा.”

किटली १५०० वॉटची, इन्व्हर्टर १००० चा, असं सांगितलं. मग १५०० चा का नाही घेतला, म्हणाले. तेव्हा बॅटरीतून दीडशे अँपिअर, त्याला आणखी जाड केबल आणि आणखी मोठा फ्यूज, असा सगळा पाढा वाचला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि बायकोने तोवर गॅसवर आधण ठेवलं.